मदत हवी आहे: स्टेट मशीनच्या सारणीतील रिकाम्या चौकटी कशा तपासाव्यात?

नमस्कार,

मी अंधेरीतील एका कार्यालयात टेस्टिंगचे काम करतो. मुंबईतल्या प्रवासासाठी क्यूआर तिकीट देणाऱ्या आमच्या अ‍ॅपमध्ये तिकिटाच्या ६ अवस्था (नवे, पैशांच्या प्रतीक्षेत, वैध, प्रवेश झालेले, संपलेले, रद्द) आणि ७ घटना आहेत. कोणत्या अवस्थेत कोणती घटना घडली की तिकीट कोणत्या अवस्थेत जाते, या नियमांच्या संचाला स्टेट मशीन म्हणतात. त्याची सारणी (ओळींत अवस्था, स्तंभांत घटना) मांडली, तेव्हा ४२ चौकटींपैकी १० भरल्या. त्या दहाही संक्रमणांच्या (एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाण्याच्या) टेस्ट केस लिहिल्या, सगळ्या पास झाल्या आणि आम्ही निर्धास्त झालो.

दोष निघाला तो रिकाम्या चौकटीत. सकाळच्या गर्दीत फाटकापाशी नेटवर्क अडखळले, पैसे भरल्यावर स्क्रीनवरचे चक्र फिरतच राहिले, म्हणून प्रवाशाने ‘रद्द करा’ दाबले. त्यानंतर बँकेकडून ‘पैसे जमा’ असा निरोप आला आणि रद्द झालेले तिकीट पुन्हा वैध झाले. परतावाही मिळाला आणि फाटकही उघडले. ‘असे घडणारच नाही’ असे समजून ती चौकट आम्ही सोडली होती. वास्तविक रिकामी चौकट म्हणजे ‘काय व्हावे ते कोणी ठरवलेले नाही’, एवढेच.

स्टेट मशीनवरून टेस्टिंग करण्याविषयीच्या चाऊ यांच्या १९७८ च्या निबंधात आलेल्या एन-स्विच निकषाप्रमाणे लागोपाठच्या संक्रमणांच्या जोड्याही तपासता येतात. परंतु त्या जोड्या वैध संक्रमणांच्याच असल्यामुळे आमचा दोष तिथेही निसटला असता. मला वाटते, मूळ चूक मॉडेलमध्येच आहे, कारण तिकीट आणि पैसे या दोन स्वतंत्र गोष्टी आम्ही एकाच यंत्रात (स्टेट मशीनमध्ये) कोंबल्या. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ साली मांडलेल्या स्टेटचार्टमधील (स्टेट मशीनच्या विस्तारित आकृतीतील) समांतर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या, अवस्थांप्रमाणे त्या वेगळ्या केल्या, तर पैशांच्या ४ अवस्था धरून एकत्रित २४ अवस्था होतात, आणि त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्षात अशक्य आहेत.

अशा वेळी या २४ अवस्थांची पूर्ण सारणी मांडावी, की दोन्ही यंत्रे स्वतंत्र तपासून फक्त एकमेकांना निरोप देण्याच्या जागा कसून तपासाव्यात? तसेच, एका टेस्ट केसमध्ये एकच अवैध घटना ठेवावी, नाहीतर एक दोष दुसऱ्याला झाकतो, हे मला पटते. पण मग उरलेल्या ३२ चौकटींचा अपेक्षित निकाल कोणी ठरवावा, टेस्टरने की विश्लेषकाने? ज्यांनी पैशांच्या व्यवहारांचे टेस्टिंग केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा. सारणी हवी असल्यास प्रतिसादात देतो.