आयडाहोतली रानटी डेझी आपल्या माळावर लागेल का?

साक्रीकर: राम राम मंडळी. चुलतभाऊ अमेरिकेत आयडाहोला असतो, त्याने मे महिन्यात एक फोटो पाठवला होता. वीतभर झाड, पांढऱ्या बारीक पाकळ्या, मध्ये पिवळी टिकली आणि देठावर नुसती लव. आजूबाजूला खडी न करडी झुडपं, पाऊसही तिथे कमीच म्हणे. मला वाटलं आपल्या साक्रीकडच्या मुरमाड माळावर हे मस्त येईल. दिवाळीत तो येतोय, बी आणायला सांगू का?

तापीकाठ: भाऊ, वर्णनावरून एरिजेरॉन पुमिलस वाटतंय, तिकडे शॅगी फ्लीबेन म्हणतात. देठावरची लव देठापासून आडवी, ताठ बाहेर आलेली असेल तर तेच बहुतेक. पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल असते, तशी एका टिकलीभोवती ५० च्या वर असतात. आणि ती करडी झुडपं म्हणजे सेजब्रश, आपल्या दवण्याचा भाऊबंद, पान चोळलं की उग्र वास येतो. पण कोरडं म्हणजे सगळीकडे सारखं नसतं भाऊ. तिथे पाणी मुख्यतः हिवाळ्यात न वसंतात पडतं, बर्फ वितळून जमीन भिजते आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे सगळा पाऊस जून ते सप्टेंबर, ऐन उकाड्यात, त्यात मूळ सडेल आणि वाचलंच तर मे मधल्या ४५ डिग्रीत जाईल.

बांधावरची: मी तर म्हणते आणूच नका. परवानगी आणि प्लांट क्वारंटाइनचं सर्टिफिकेट नसताना बॅगेतून बी आणता येत नाही, आणि तो नियम उगाच नाहीये. काँग्रेस गवत या डेझीच्याच कुळातलं, अमेरिकेतल्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि आज आमच्या कपाशीच्या बांधावर उपटताना बायांच्या हाताला खाज सुटते, फोड येतात. तुमचं फूल तसं पसरेल असं नाही, पण तपासल्याशिवाय कशाला? आपल्या माळावरचा उटकटारा बघा की, त्याच कुळातला. तो काटेरी गोळा म्हणजे शेकडो फुलं, दुपारी मधमाश्या सोडत नाहीत त्याला.

साक्रीकर: पटलं ताई. भावाला आत्ताच मेसेज टाकला, बी नको, पुढच्या मे मध्ये देठाचा जवळून फोटो काढ, लव ताठ आहे का बघायचंय. आणि उटकटारा आमच्या विहिरीकडच्या वाटेला भरपूर आहे, या रविवारी नांगर तेवढा भाग सोडून फिरवायला सांगतो.