चिनी बागेत, भर पावसात : दोघांच्याच लग्नाचे अनुभव

परवा अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या लान सू या चिनी बागेत भाचीचं लग्न झालं. माणसं मोजून पाच आणि वर पावसाची झड. वरात नाही, पंगत नाही, तरी मन भरून आलं. असं लग्न केलेल्यांनी किंवा जवळून पाहिलेल्यांनी आठवेल तसं लिहा.

पोर्टलंडहून
आमचंही तिथंच झालं, नोव्हेंबरात. ओरेगनमध्ये परवाना काढून तीन दिवस थांबावं लागतं, दोन साक्षीदार लागतात. त्यामुळे पळून जाऊन केलं तरी रीतसरच. सकाळी पाऊस बघून मी रडकुंडीला आले होते. आत शिरले आणि छपराकडे लक्ष गेलं. कडेच्या कौलांना खाली टोकदार जिभा असतात, पाणी त्यांवरून ओळीनं गळतं. अगदी आजोळच्या पागोळ्या! तळ्याकाठच्या नावेसारख्या मंडपाचं नावच मुळी ‘धुक्यापावसातली रंगवलेली नाव’ असं आहे. चीनमधल्या सूजौ शहराच्या कारागिरांनी २००० साली उभी केलेली ही बाग पावसातच बघावी. मंगळसूत्र घालताना ह्याची बोटं इतकी गारठली की फासाच लागेना. तिसऱ्या खेपेला लागला, तोवर पदर ओलाचिंब.

एक साक्षीदार
मैत्रिणीच्या अशाच लग्नात अक्षता माझ्याकडे होत्या. तळ्यात मासे, म्हणून उधळायच्या नाहीत असं ठरवलं. मंगलाष्टकं फोनवर लावली, पावसात नीट ऐकूच येईनात, मग मीच म्हटली. ‘सावधान’ झाल्यावर चिमूटभर अक्षता दोघांच्या ओंजळीत ठेवल्या.

सूजौत काही वर्षं काढलेला
तिथल्या झुओझेंग बागेत पाऊस ऐकण्यासाठी म्हणून एक दालन आहे, भोवती केळी लावलेल्या. पानांवर सर आली की कोकणातलं परसू आठवायचं. लग्नाच्या पोशाखात फोटो काढून घेणारी जोडपी पावसातही हटत नसत.

व्हँकूव्हरहून
आम्ही इथं कॅनडात, सन यत-सेन या चिनी बागेत केलं, घरी न सांगता. आईनं समजून घेतलं. बाबा दीड वर्ष फोनवर आले नाहीत, ते मला फार लागलं. इकडे आले तेव्हा त्यांना तिथंच नेलं. पाऊस होताच. हिरव्यागार गढूळ पाण्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग छत्री माझ्यावर धरून म्हणाले, “कुठं उभे होतात तुम्ही, दाखव.”