सैपाकघर नव्यानं करतोय: मातीची भिंत, खारं पाणी आणि दोन वेगळ्या उंचीच्या बाया. ओटा कसा घ्यावा?

नमस्कार. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घराचा पुढचा भाग विटांचा आहे, पण मागचं सैपाकघर अजून मातीच्या भिंतींचं. यंदा कापूस विकल्यावर ते नव्यानं करायचं ठरलंय. संक्रांतीनंतर काम काढायचं आणि होळीच्या आत उरकायचं, कारण पुढे कुरड्या-पापडांचं वाळवण सुरू होतं आणि तेव्हा घरात मिस्त्री नको.

खोली आतून बारा बाय दहा. पश्चिमेची भिंत मातीची, दीड हात जाड, तिच्यात एक लहानसा झरोका. उत्तरेला परसात जायचं दार. पूर्वेची भिंत विटांची, पुढच्या खोलीला लागून. दक्षिणेला सध्याचा ओटा.

अमरावतीहून एक ठेकेदार येऊन गेले. मोबाईलवर फोटो दाखवले. चकचकीत पांढऱ्या ट्रॉल्या, भिंतीवर टांगलेली कपाटं, मधोमध एक सुटा ओटा. दिसायला छानच आहे सगळं. पण त्या फोटोंत वर्षाची ज्वारी, गहू आणि तूरडाळ ठेवायला जागा कुठे आहे? पाण्याचे गुंड कुठे? भाजी निवडायला, पीठ चाळायला खाली बसायची जागा कुठे? आणि ज्यांचा अर्धा दिवस त्या खोलीत जातो त्या माझ्या सासूबाईंना त्यांनी एक शब्दही विचारला नाही. माझ्या मते पहिला प्रश्न त्यांनाच विचारायला हवा होता.

आता मुख्य अडचण. सध्याचा ओटा छत्तीस इंचांचा आहे. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच. त्यावर गॅसची शेगडी, शेगडीवर मोठं पातेलं, म्हणजे पातेल्याची कड थेट त्यांच्या खांद्याला येते. वरण घोटायला त्या लाकडी पाट घेऊन त्यावर उभ्या राहतात. फरशी ओली असली की पाट सरकतो. कोहळ्याची बोंडं तळायला घेतली की मी तिथून हलत नाही, कढईतलं तेल आणि त्यांचा चेहरा यांत हातभराचंही अंतर नसतं. त्यांना कधी एकदा या पाटावरून खाली उतरवते असं झालंय मला. माझी उंची पाच फूट चार इंच. ओटा त्यांच्या मापाचा केला तर मी वाकून वाकून कंबर धरून बसणार, माझ्या मापाचा केला तर त्यांचा पाट तसाच राहणार.

बाकीचं थोडक्यात. बोअरचं पाणी इतकं खारं की नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो. पिण्याचं पाणी नळयोजनेचं, तेही चार-पाच दिवसांआड, म्हणजे साठवण लागतेच. जुन्या लाकडी मांडणीला वाळवी लागली होती. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत आतून हाताला गरम लागते. चूल परसात राहील, ती काढायची नाही, पानगे आणि अंघोळीचं पाणी तिच्यावरच.

जाणकारांनी सांगावं: ओट्याची उंची, मातीच्या भिंतीवर कपाटं टांगायची की नाही, आणि खर्च सव्वा-दीड लाखात ठेवायचा तर पैसा कुठे घालावा नि कुठे वाचवावा?

अचलपूरकर

ताई, ओटा एकाच उंचीचा असला पाहिजे असं कोणी सांगितलं? दोन उंच्या घ्या. उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून चार ते सहा इंच वजा करा. चिरणं-मळणं यासाठी ती उंची बरी. सासूबाईंचं माप एकतीस-बत्तीसच्या आसपास येईल, तुमचं चौतीस-पस्तीस. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, हे बहुतेक लोक धरत नाहीत. म्हणून शेगडीचा तुकडा सगळ्यात खाली हवा, अठ्ठावीस-एकोणतीस इंचांवर. सिंक आणि चिरायची जागा तुमच्या मापानं चौतीसवर. सासूबाईंसाठी शेगडीच्या शेजारी दोन-अडीच फुटांचा तुकडा बत्तीसचा. बांधताना खर्च फारसा वाढत नाही, मिस्त्री मात्र कुरकुरतात, कारण एका सपाटीत कडप्पा टाकणं त्यांना सोपं पडतं.

ओट्याच्या तळाशी पायाची बोटं आत जातील अशी तीन इंच खोल, चार इंच उंच खाच ठेवायला सांगा. ती नसली की माणूस ओट्यापासून दूर उभा राहतो आणि पाठ भरून येते.

मूर्तिजापूरचा मिस्त्री

राम राम ताई. मी बांधकामच करतो. मातीच्या भिंतीवर कपाट टांगू नोका. खिळा काय अन् फास्टनर काय, मातीत धरतच नाही. डबे भरले की भिंतीचा पोपडा घेऊन खाली येते. टाइल्सही तशाच, थेट मातीवर लावल्या की दोन पावसाळ्यांत फुगतात. त्या बाजूनं आतून चार इंची विटांची भिंत उभी करा, तिच्यावर मंग टाइल लावा. खोली थोडी लहान होईल, पण पश्चिमेचा तावही कमी लागल.

आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओट्याचे कडप्प्याचे पाय स्वतंत्र उभे करा, मातीच्या भिंतीत खोचू नोका. नाही तर भिंत हलली की ओट्याले तडा. पाइपही भिंतीत गाडू नोका, वरूनच घ्या, अन् लोखंडी नको, सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) घ्या. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही.

ट्रॉलीच्या नादी लागू नोका. खालचे कप्पे कडप्प्याचे, पल्ले ॲल्युमिनियमचे. वाळवी दगड खात नाही. एखाद-दोन ट्रॉल्या पाह्यजेच असल्या तर ३०४ नंबरच्या स्टीलच्या घ्या, २०२ ला खाऱ्या हवेपाण्यात लवकर डाग पडतात. फरशी टाकायच्या आधी जमिनीत वाळवीचं औषध मारून घ्या, मंग फरशीले भोकं पाडून मारावं लागते.

धागाकर्ती

दोन उंच्यांचं मी सासूबाईंना पाट मांडून दाखवलं. त्यांना पटलं. "मंग मी खालीच उभी राहीन ना?" एवढंच विचारलं त्यांनी. मिस्त्रीभाऊ, आतल्या विटांच्या भिंतीचं लक्षात आलं नव्हतं, ते नक्की करते.

एक शंका. शेगडीचा तुकडा एकोणतीसवर आणला तर खाली सिलिंडर बसेल का? आणि शेगडी पश्चिमेच्या झरोक्यासमोर चालेल का?

वाशीमहून

शंका बरोबर आहे. चौदा किलोच्या सिलिंडरला रेग्युलेटर लावल्यावर सव्वादोन फुटांच्या आसपास उंची जाते, आणि कडप्पा-ग्रॅनाइट दोन-अडीच इंच खातात. रेग्युलेटर फिरवायला हातही गेला पाहिजे. शेगडीखाली कोंबू नका, शेजारच्या चौतीस इंची भागाखाली उभं ठेवा. आडवं कधीच नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या कप्प्याला जमिनीलगत जाळी हवी. काहीजण वरच जाळी करतात, तिचा त्या कामी उपयोग नाही. सिलिंडर भिंतीबाहेर न्यायचं तर पूर्ण सावलीची जागा असेल तरच, पश्चिमेच्या उन्हात अजिबात नको. नळी सुरक्षा छापाची घ्या आणि तिच्यावरची तारीख पाहून पाच वर्षांनी बदला.

शेगडी झरोक्यासमोर नको, वाऱ्यानं ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. पूर्वेच्या भिंतीला घ्या, सैपाक करताना तोंड पूर्वेलाच राहील, सासूबाईंनाही ते आवडेल. झरोका मोठा करून वर एक्झॉस्ट पंखा लावा, पण मातीच्या भिंतीत भोक मोठं करायचं तर वर लिंटल (भोकावरचा भार पेलणारी आडवी पट्टी) टाकूनच. महागड्या चिमणीचे पैसे वाचवा. फोडणीचा धूर पंख्यानं निघून जातो, आणि वीज गेली तर उघडा झरोका तरी कामी येतो.

उजेडाचं विसरू नका. खोलीच्या मधोमध एकच ट्यूब असली की आपलीच सावली विळीवर पडते. ओट्याच्या वर, डोक्याच्या पुढे एक एलईडी पट्टी हवीच, इन्व्हर्टरवर. मिक्सरला साधा प्लग चालतो, इंडक्शन घ्यायचं असेल तर सोळा अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर आत्ताच टाकून घ्या.

अचलपूरकर

धान्याचं राहिलं. कोठ्या उत्तरेच्या दाराजवळ ठेवा, परसातून पोतं आलं की तिथंच रिकामं होतं. खाली सहा इंच उंच, खालून मोकळा कट्टा करा, म्हणजे ओल लागत नाही आणि झाडू खालून फिरतो. वर सात फुटांवर माळा घ्या, तिथं कुरड्या-शेवयांचे डबे. रोजच्या वापराचं काहीही माळ्यावर नको, सासूबाई स्टुलावर चढतील.

आणि परसातली भांडी घासायची मोरी मोडू नका. फोटोतल्या सिंकमध्ये लग्नाकार्याचं पातेलं, घमेलं मावत नाही. आतलं सिंक कपबशा नि भाजी धुण्यापुरतं, एकच कप्पा, नऊ इंच खोल. त्याच्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार द्या आणि सांडपाणी परसातल्या शोषखड्ड्यात सोडा.

धागाकर्ती

मोरी राहणारच. मधला सुटा ओटा रद्द केला, त्या जागी खाली बसायला मोकळी फरशी, खरबरीत टाइलची. आज खोलीत खडूनं सगळं आखलं. दार उघडल्यावर फ्रिजचा पल्ला दाराला अडतो असं दिसलं, म्हणून फ्रिज दक्षिणेच्या कोपऱ्यात सरकवला. पिण्याच्या पाण्याचा कट्टा सिंकच्या उजवीकडे घेतला, पण गुंड भरलेला उचलायचा तर त्याची उंची किती ठेवावी?

मूर्तिजापूरचा मिस्त्री

दीड फूट. भरलेला गुंड कमरेवर घेता येते अन् माठातून पाणी काढाले वाकाव लागत नाही जास्त. वर ग्रॅनाइट नको, घासून गुळगुळीत केलेली कोटा फरशी लावा, अन् मागं निचऱ्याले बोटभर नाली ठेवा.