नवीन टीव्हीवर जुना सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

कृष्णाकाठ:
दिवाळीत आईबाबांसाठी ५५ इंची टीव्ही घेतला. रविवारी बाबांनी आवडीचा जुना कृष्णधवल तमाशापट लावला आणि दहा मिनिटांत बंद करायला सांगितलं. म्हणाले, "हा सिनेमा वाटतच नाही गं, मालिका चालू आहे असं वाटतंय." नीट पाहिलं तर खरंच तसं. चित्र स्वच्छ आहे, पण माणसं चालताना घरंगळल्यासारखी दिसतात. लावणीत बाई गिरकी घेते तेव्हा तिच्या हाताच्या कडेला मागचा पडदा थरथरतो, पाण्यातून पाहिल्यासारखा. क्रिकेट मात्र झकास दिसतं. टीव्ही खराब निघाला का? दुकानदार म्हणतो, सवय होईल.

रीळवाला:
टीव्ही खराब नाही आणि तुमच्या बाबांची नजर अगदी बरोबर आहे. सवय अजिबात करून घेऊ नका.

मी २२ वर्षं थिएटरात ऑपरेटर होतो. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, असतात आणि मशीनमधून सेकंदाला दीड फूट फिल्म जाते, म्हणजे २४ फ्रेम. बोलपट आले तेव्हा आवाजासाठी वेग ठरावीक ठेवणं भाग पडलं, तेव्हापासून हा आकडा पक्का झाला. कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेम साधारण १/४८ सेकंद उघडी राहते, त्यामुळे हलती वस्तू तिच्यात जराशी फराटते. तुटलेलं रीळ जोडताना फ्रेम उजेडाकडे धरून मी हे कितीदा पाहिलंय: नाचणारीचा चेहरा स्पष्ट, पदर मात्र नुसता धुरासारखा. तो धूर आणि ते २४ मिळून आपल्या डोळ्यांना सिनेमा दिसतो.

तुमचा टीव्ही त्यात भर घालतोय. लागोपाठच्या दोन फ्रेम घ्यायच्या, काय कुठून कुठे सरकलं याचा अंदाज बांधायचा आणि मधल्या फ्रेम स्वतःच तयार करायच्या. पॅनल १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा, असेल तर सेकंदाला २४ फ्रेम खऱ्या आणि ९६ बनवलेल्या. हात पुढे गेला की त्याच्याआड झाकलेला पडदा उघडा पडतो. तो भाग आधीच्या फ्रेममध्ये नसतोच, मग टीव्ही तिथे अंदाजाने काहीतरी भरतो. तुम्हाला दिसलेली थरथर तीच.

मालिकेचं म्हणाल, तर दूरदर्शनच्या काळात स्टुडिओतले कार्यक्रम व्हिडिओवर सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी (एकाआड एक ओळींच्या) टिपले जायचे. बाबांच्या डोळ्यांत ती सुळसुळीत हालचाल 'टीव्हीवरची' म्हणून बसलेली आहे. इंग्रजीतही याला 'सोप ऑपेरा इफेक्ट'च म्हणतात. क्रिकेटचे कॅमेरे मुळातच जास्त चित्रं टिपतात, म्हणून मॅच बिघडत नाही.

पिक्चर सेटिंगमध्ये जा. सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी'. ते बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर सरळ तोच लावा, तो २०१९ मध्ये याच कारणासाठी जाहीर झाला. त्याआधी २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने लोकांना हे बंद करा म्हणून व्हिडिओतून विनवलं होतं. कुणी अभिनेत्याने घरच्या टीव्हीच्या सेटिंगवर बोलावं, इतकं हे सिनेमावाल्यांना लागलेलं आहे.

पडवीतला:
थोडी टीव्हीचीही बाजू. ६० हर्ट्झच्या पॅनलवर २४ समान बसत नाहीत. एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते, म्हणून कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. माझ्या आईला त्याने डोकं दुखतं. मी बंद न करता अगदी कमीवर ठेवलंय.

रीळवाला:
मान्य. थिएटरात मशीनचं शटर, म्हणजे उजेड झाकणारी फिरती पाती, एकच फ्रेम दोनदा उजळायचं आणि मध्ये अंधार असायचा, त्यामुळे ते अडखळणं डोळ्यांवर यायचं नाही. टीव्ही पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची धरून ठेवतो. आईंना त्रास होत असेल तर कमीवर ठेवणंच बरं. पण 'हाय' कधीच नको, लावणीत तर नकोच.

कृष्णाकाठ:
काका, बंद केलं! बाबांनी परवा पूर्ण सिनेमा पाहिला, मध्ये चहालाही उठले नाहीत. पण काल इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारी स्टिक टीव्हीला लावून दुसरा लावला तर पुन्हा तेच घरंगळणं.

रीळवाला:
बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयचं, म्हणजे स्टिक खोचतो त्या खाचेचं, सेटिंग वेगळं असतं. स्टिकवर सिनेमा चालू ठेवूनच मेनूत जा आणि तिथे पुन्हा बंद करा.