वृत्तवाहिनीच्या पडद्यावर मालकाचं नाव लिहायला लावावं का?

शिवारवाट

वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असतं. १८६७ च्या कायद्यापासूनची ही सवय आहे. १९५६ च्या नियमांनी त्यात भर घातली: फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची यादी छापायची. 'फॉर्म ४' नावाची ती चौकट जुन्या वाचकांना नक्की आठवेल. टीव्हीवरच्या बातम्यांना मात्र पडद्यावर मालक सांगायचं बंधन नाही.

आपल्या मराठी वाहिन्याच बघा. 'एबीपी माझा' कोलकात्याच्या आनंदबझार समूहाचा. २००७ मध्ये 'स्टार माझा' म्हणून सुरू झाला, २०१२ मध्ये नाव बदललं. 'झी २४ तास' सुभाष चंद्रांच्या समूहातला, आणि ते स्वतः २०१६ ते २०२२ राज्यसभेत होते. 'न्यूज १८ लोकमत'मध्ये एका बाजूला रिलायन्सच्या ताब्यातलं नेटवर्क १८, दुसऱ्या बाजूला लोकमतचं दर्डा कुटुंब, ज्यातले एक भाऊ काँग्रेसचे खासदार होते आणि दुसरे राज्यात मंत्री. 'साम' सकाळ समूहाची, म्हणजे शरद पवारांच्या भावाच्या कुटुंबाची. १ मे २०२४ ला 'एनडीटीव्ही मराठी' आली, ती अदानी समूहाची. यात बेकायदा काही नाही. पण गावात चहाच्या टपरीवर टीव्ही बघणाऱ्या दहा जणांना विचारा, दोघांनाही हे सांगता येणार नाही.

धारावी पुनर्विकासाची बातमी घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वांत मोठी ठरली. ती बातमी त्याच समूहाच्या वाहिनीवर बघताना मला ते नातं पडद्यावर दिसायला हवं. एनडीटीव्हीच्या संकेतस्थळावर अदानींच्या बातम्यांखाली तशी एक ओळ येते. म्हणजे हे करता येतं.

माझी मागणी दोनच गोष्टींची. प्रत्येक बुलेटिनच्या सुरुवातीला पाच सेकंद मालकाचं नाव. आणि बातमी मालकाच्या धंद्याशी किंवा नात्यागोत्याशी जोडलेली असेल तर ती चालू असेपर्यंत खाली पट्टी.

आकडेमोड

मी जाहिराती कुठे लावायच्या हे ठरवणाऱ्या कंपनीत काम करते, म्हणून लिहिते आहे. तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

एनडीटीव्हीचंच उदाहरण घेऊ. २००९ मध्ये वाहिनीचे प्रवर्तक प्रणॉय आणि राधिका रॉय यांच्या कंपनीने एका छोट्या कंपनीकडून सुमारे ४०३ कोटींचं कर्ज घेतलं. त्या कागदात कर्जाचं रूपांतर शेअरमध्ये करायचा हक्क होता. ऑगस्ट २०२२ मध्ये ती छोटी कंपनी अदानींनी घेतली, तो हक्क वापरला आणि एनडीटीव्हीचे २९ टक्के त्यांच्याकडे गेले. तुमची पट्टी तेव्हा असती तर तिच्यावर तेरा वर्षं रॉय दांपत्याचं नाव झळकलं असतं. ते खरंही असतं आणि त्याने कोणाला काही कळलंही नसतं. नावाची पट्टी लावली की सरकारही म्हणणार, पारदर्शकता आली, विषय संपला.

प्रेक्षकाला काय दिसतं हे मालकापेक्षा मापन जास्त ठरवतं. कोण काय बघतं हे मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे मीटर देशभरातल्या पन्नास-साठ हजार घरांत आहेत. दर आठवड्याला त्यातून आकडे येतात आणि बाजारपेठ मोजली जाते 'महाराष्ट्र-गोवा' अशी एकत्र. गडचिरोलीतल्या बातमीने त्या आकड्यात काही हलत नाही. मुंबईतल्या राड्याने हलतं. मालक बदला, मापन तेच ठेवा, आठ वाजताची चर्चा तीच राहील.

शिवारवाट

आकडेमोडताई, कर्जाचा मुद्दा बरोबर आहे. मग पट्टीत मोठ्या कर्जदात्याचंही नाव टाका. दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामक संस्थेने, म्हणजे ट्रायने, १२ ऑगस्ट २०१४ ला माध्यमांच्या मालकीवर शिफारशी दिल्या होत्या. राजकीय पक्ष, धार्मिक संस्था, सरकारं यांच्याकडे वाहिन्या नसाव्यात. एकाच समूहाने दैनिक आणि वाहिनी दोन्हींवर पकड ठेवू नये. मालकीची माहिती उघड करावी. त्यातलं काहीही कायद्यात आलं नाही. २०२२ मध्ये पुन्हा सल्लापत्र काढलं, तेही तिथेच राहिलं.

पण मापनच सगळं ठरवतं हे मला पटत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचं प्रकरण बाहेर काढल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचं रेटिंग थांबवलं, ते मार्च २०२२ पर्यंत. दीड वर्षाच्या आसपास आकडेच नव्हते. त्याच काळात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, क्रूझवरच्या अमली पदार्थांच्या छाप्याचं प्रकरण झालं. किती आठवडे दिवसभर तेच चालू होतं, आठवतं ना? रेटिंग नव्हतं तर ती शर्यत कशासाठी होती?

आकडेमोड

यूट्यूबसाठी. सगळ्या वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण तिथे चालतं आणि या क्षणी किती जण बघताहेत हा आकडा पडद्याखाली दिसत असतो. न्यूजरूममध्ये तो आकडा आठवड्याच्या अहवालापेक्षा जास्त धाकाचा झालाय. मीटरच्या जागी दुसरं मीटर आलं, एवढंच.

बूमवाला

मी जिल्ह्यात एका वाहिनीचा स्ट्रिंगर, म्हणजे बिनपगारी बातमीदार होतो. वाहिनीचं नाव सांगणार नाही. वरची चर्चा वाचली आणि राहवलं नाही.

आमच्या जिल्ह्यात माणूस एक. पगार नाही, बातमी लागली तर त्या बातमीचे पैसे. पेट्रोल आपलं, मोबाइल आपला, बूम, म्हणजे नाव लिहिलेला माइक, तेवढा वाहिनीचा. शंभर किलोमीटरवर जाऊन केलेली बातमी लागली नाही, तर दिवस फुकट. आणि वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि वाहिनीच्या वर्धापनदिनाला, जाहिरातींचं टार्गेट. जाहिरात कोण देणार? आमदार, साखर कारखान्याचे चेअरमन, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, बिल्डर. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी ज्याच्या दारात मी हात पसरून उभा राहिलो, त्याच्या कारखान्याने उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, थकवली ही बातमी मी दुसऱ्या महिन्यात कशी करू? मला कोणी 'करू नको' म्हणाला नाही. म्हणायची गरजच नव्हती.

मुंबईतला मालक कोण आहे याचा माझ्या कामाशी कधी संबंध आला नाही. माझ्या जिल्ह्यात माझ्या बातमीचा मालक जाहिरातदार होता. शिवारवाट, तुमच्या पट्टीवर त्याचं नाव येणार आहे का?

तरी सगळं काळं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हा प्रत्येक वाहिनीला दुसरीच्या आधी पोचायचं होतं, म्हणूनच एवढे कॅमेरे कृष्णाकाठी आले आणि मदत हलली. ती शर्यत नसती तर दोन दिवस उशीर झाला असता. स्पर्धेला सरसकट शिव्या देऊ नका. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांच्या वेळी मात्र त्यातला एकही कॅमेरा उरला नव्हता. शेतकऱ्याला खरी गरज तेव्हा होती.

केबलवाट

बूमवाल्यांचं एकेक वाक्य खरं आहे. मी तालुक्याच्या गावात केबल चालवतो, माझी बाजूही ऐका.

वाहिनी लोकांना आवडते म्हणून पहिली येते, असं समजू नका. सेट टॉप बॉक्स सुरू केला की आपोआप जी वाहिनी लागते तिला आम्ही लँडिंग पेज म्हणतो. त्या जागेसाठी मोठ्या एमएसओला, म्हणजे आम्हा केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीला, पैसे मिळतात. ट्रायने डिसेंबर २०१८ मध्ये त्याला मनाई केली, २०१९ मध्ये टीडीसॅट या दूरसंचार लवादाने ती मनाई रद्द केली. पैसेवाल्या मालकाला हे परवडतं, छोट्याला नाही. आकडेमोडताई म्हणतात मालकाने फरक पडत नाही, इथे पडतो. मुळात वृत्तवाहिनीच्या परवान्यालाच २० कोटींची नक्त मालमत्ता दाखवावी लागते. जिल्ह्यातला कोणता पत्रकार ती दाखवणार?

आमच्याकडे केबलवर स्थानिक बातम्यांचा अर्धा तास असायचा. नळाला पाणी कधी, बाजार समितीतला कांद्याचा भाव, विसर्जनाचा मार्ग, कोण वारलं. लोक मुंबईच्या वाहिनीआधी ते बघायचे. डिजिटायझेशन झालं, सिग्नल मोठ्या एमएसओकडून यायला लागला आणि आमचा चॅनेल यादीत कुठेतरी खाली गेला. मग नोव्हेंबर २०२२ चे नियम आले. स्थानिक बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी हवी. नोंदणीची फी चॅनेलला एक हजारच आहे, ती अडचण नाही. पण कंपनी, तिचे हिशेब, सीए, हे सगळं अर्ध्या तासाच्या बातम्यांसाठी कोण करणार? ज्यांच्यामागे पुढारी उभा आहे तेच टिकले.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. मी शिवारवाट यांच्या बाजूने आहे, कारण आमच्याकडे मालक माहीत असण्याचा फायदा लोकांनी घेतलेला आहे.

मुक्तीनंतर गोव्यात दैनिकं आली ती खाणमालकांच्या पैशांवर. 'गोमन्तक' चौगुल्यांनी १९६२ मध्ये सुरू केला, 'नवहिंद टाइम्स' धेंप्यांनी १९६३ मध्ये. हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे खाणीची बातमी वाचताना गोंयकार कोणाच्या पेपरात काय आलं नाही तेही बघायचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा चार पेपर शेजारी ठेवून वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. मालक माहीत होता म्हणून ते जमलं.

टीव्हीचं आमचं दुखणं वेगळं. 'महाराष्ट्र-गोवा' अशा एका बाजारपेठेत आम्ही कुठे दिसणार? मुंबईच्या वाहिन्यांना गोवा आठवतो निवडणुकीला आणि ३१ डिसेंबरला. म्हादईचा प्रश्न आमच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, तो आम्हाला 'प्रुडंट' आणि 'गोवा ३६५' या गोव्याच्या वाहिन्यांवरच सविस्तर दिसतो. ४० आमदारांच्या राज्याला स्वतःच्या वाहिन्या परवडतात, तर सोलापूर किंवा जळगावला का नाहीत, हे मला कळत नाही.

आकडेमोड

मांडवीकाठ, कारण गोव्याला स्वतःचं सरकार आहे. सरकारी जाहिरात, विधानसभा, सचिवालय, हॉटेल उद्योग, सगळं एका शहराभोवती. जळगावात जाहिरात देणारा सराफ आहे, केळीचा व्यापारी आहे, पण त्यांच्या पैशांत रोजची वृत्तवाहिनी उभी राहत नाही. आणि तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं: मालक माहीत असूनही खाणींवरचं लिखाण दाबलं गेलंच की! लोकांना कळत होतं, एवढंच. छापून आलं नाही ते नाहीच आलं.

अटलांटिकपार

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत राहते. इथे बहुतेक मोठ्या शहरांना स्वतःची टीव्ही स्टेशनं असतात, आणि त्यांची मालकीची कागदपत्रं एफसीसी या सरकारी नियामकाकडे जाहीर असतात. तरीही २०१८ मध्ये काय झालं बघा. सिंक्लेअर नावाच्या एका कंपनीने देशभरातल्या आपल्या स्टेशनांच्या निवेदकांना एकच मजकूर वाचायला लावला. खोट्या बातम्यांपासून सावध राहा, असा. कोणीतरी ते तुकडे शेजारी लावून दाखवले तेव्हा लोक हादरले, कारण प्रत्येकाला वाटत होतं हा आपल्या गावचा निवेदक आपल्या मनचं बोलतोय. कागद उघड होते, पण कोणी बघत नव्हतं.

म्हणून मला वाटतं, नावाच्या पट्टीपेक्षा मर्यादा महत्त्वाची. इथे एका मालकाच्या स्टेशनांनी देशातल्या ३९ टक्क्यांपेक्षा जास्त घरांपर्यंत पोचू नये असा नियम आहे. त्यात पळवाटा आहेत आणि मोठ्या कंपन्या तो उठवायच्या मागे आहेत, पण भांडायला निदान एक आकडा तरी आहे. भारतात तोही नाही.

शिवारवाट

अटलांटिकपार यांचं उदाहरण मी उलट वाचतो. कागद सरकारी कार्यालयात होते, पडद्यावर नव्हते, म्हणूनच लोकांना धक्का बसला. माझी मागणी पडद्याचीच आहे.

मालकाचा आणि संपादकीय कामाचा संबंध नसतो असं म्हणणाऱ्यांनी 'आयबीएन लोकमत', म्हणजे आजचं 'न्यूज १८ लोकमत', आठवावं. नोव्हेंबर २००९ मध्ये शिवसैनिकांनी त्यांच्या विक्रोळीच्या कार्यालयावर हल्ला केला, तरी संपादक निखिल वागळे आणि त्यांचे सहकारी काम करत राहिले. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेलं आणि जुलैमध्ये वागळे बाहेर पडले. बाहेरच्या दगडांनी जे झालं नाही ते मालकीबदलानंतर काही आठवड्यांत झालं. प्रेक्षकांना तेव्हा फक्त चेहरा बदललेला दिसला.

बूमवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळत नाही. जाहिरातदाराचं नाव पट्टीवर यायला हवं. ज्याची जाहिरात वाहिनीने त्या वर्षात घेतली, त्याची बातमी आली तर तसं लिहायचं. हे चालेल का?

बूमवाला

चालणार नाही. मग त्याची बातमीच येणार नाही, चांगली नाही आणि वाईटही नाही. तुम्हाला खरंच काही मागायचं असेल तर हे मागा: जो बातमी करतो त्याने जाहिरात मागायची नाही आणि जिल्ह्याला निदान एक माणूस पगारावर असावा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. एवढा खर्च या मालकांपैकी कोणालाही जड नाही.

केबलवाट

आणि स्थानिक चॅनेलला कंपनीची अट काढा, सहकारी संस्थेलाही परवानगी द्या. दूध संघ चालवणाऱ्या तालुक्यांना अर्ध्या तासाच्या बातम्या चालवता येतील. कोणी मागणीचा अर्ज तयार करत असेल तर माझी सही धरा.

आकडेमोड

सहकारी संस्थेवर तुमच्याकडे कोणाची सत्ता असते, केबलवाट? बूमवाल्यांनी वर ज्या चेअरमनचं लिहिलं, तोच त्या चॅनेलचाही अध्यक्ष होईल. पगारी माणसाच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पट्टीला अजूनही नाही.