पाचवीतल्या मुलीला आफ्रिकेचा इतिहास कुठून सांगायला घ्यावा?

गोदाकाठ:
लेकीने शाळेसाठी आफ्रिकेचं चित्र काढलं. सिंह, जिराफ, एक झोपडी, कोपऱ्यात पिरॅमिड. वर मलाच विचारते, "तिथे राजे नव्हते का गं?" मला धड एक नाव आठवेना. सनावळ्या नकोत, रात्री झोपताना सांगता येईल असं काही सुचवा.

चिंचबन:
वेरूळ पाहिलंय का तिने? मग तिथूनच. कैलास लेणं जसं कळसापासून खाली खोदत आणलं, तशी इथिओपियात लालिबेलाला ११ चर्चं खडकात कोरलीत. सेंट जॉर्जच्या चर्चचं छप्पर जमिनीच्या पातळीला, वरून बघितलं की नुसता क्रूस दिसतो. आणि वेरूळजवळच खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियातलं पोर, गुलाम म्हणून विकलं गेलं आणि इकडे येऊन निजामशाहीचा कारभार हाकू लागलं! १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने होते.

आठवी_ब:
पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्याचा राजा मन्सा मुसा. १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथला भाव पडला. आमच्या चिरंजीवांना आधी 'भाव पडणे' समजावताना माझीच दमछाक झाली, ते सोडा. १३७५ च्या कातालान नकाशात (युरोपात काढलेला जुना जगाचा नकाशा) तो हातात सोन्याचा गोळा धरून बसलाय, ते चित्र जालावर सापडेल.

तिरकस:
राजे आणि सोनं पुरे झालं. ग्रेट झिम्बाब्वे दाखवा, आफ्रिकेच्या दक्षिणेकडचं जुनं दगडी शहर. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच. गोऱ्यांना हे आफ्रिकी लोकांनी बांधलंय हे कित्येक वर्षं पटेना. १९८० मध्ये देशाने नावच ते घेतलं. तिथे आपल्याकडचे काचमणी सापडलेत. पोरीला कोडं घाला, मणी तिथवर गेले कसे? गुलामगिरी मात्र इतक्यात नको.

चिंचबन:
@तिरकस, अंबरची गोष्ट गुलामीशिवाय सुरूच होत नाही. दहा वर्षांच्या पोराला 'विकलं' हा शब्द कळतो हो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. मण्यांचं कोडं घातलं. "कोळ्यांच्या होडीतून," लगेच उत्तर. मग मोसमी वारे, पूर्व आफ्रिकेतलं किल्वा बंदर असं करत अकरा वाजले. अंबरला विकलं म्हटल्यावर "केवढ्याला?" म्हणाली आणि मी गप्प. चित्रातली झोपडी खोडून तिथे भिंत आलीय. सिंह राहू दे म्हणते.