शंभर टक्के मुलं निपुण, तर माझ्या पुतण्याला डेअरीची स्लिप का वाचता येत नाही?

माणगंगाकाठची_सून (दहिवडी भाग)

परवा गावच्या ग्रुपवर पोस्ट आली, "आमच्या केंद्रातील तिसरीची सर्व मुले निपुण, उद्दिष्ट 100 टक्के साध्य, सर्व गुरुजनांचे अभिनंदन". खाली नुसते बुके आणि अंगठे. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, आणि निपुण म्हणजे लहान वर्गातल्या मुलांना वाचता आणि आकडेमोड करता यावी म्हणून सरकारची मोहीम. मला राहवेना म्हणून लिहितेय.

माझा पुतण्या त्याच तिसरीत आहे. मागं देवळापुढं चावडी वाचन झालं तेव्हा माईक हातात घेऊन त्यानं अख्खा उतारा खडाखडा वाचला. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारा काढून हात धूत होते, म्हणलं बाळा एवढी डेअरीची स्लिप वाच की, नाव कुणाचं घातलंय आणि फॅट किती लागलीय. त्यानं स्लिप उलटीपालटी केली आणि म्हणाला, काकी हे आमच्या पुस्तकात नाही. मी पुस्तक काढलं, तोच उतारा, मधल्या ओळीवर बोट ठेवलं. तर गडी पहिल्या ओळीपासून सुरू! बोट एकीकडं, तोंड दुसरीकडं. पाठ केलं होतं हो लेकरानं.

तिसरीला मिनिटाला 60 शब्द समजून वाचता यावेत आणि 9999 पर्यंतचे आकडे यावेत, असं निपुणमध्ये आहे ना? मग न बघितलेला उतारा का देत नाहीत? जुलैत तो कुठं होता आणि आता कुठं आहे, एवढंच मला सांगा. शंभर टक्के मला नको.

जतचा_मास्तर

ताई, पोस्ट टाकणाऱ्याचा राग आमच्यावर काढू नका. माझी शाळा द्विशिक्षकी, चार वर्ग दोघांत. निम्म्या पोरांच्या घरात कन्नड, शाळेत मराठी. तिसरीचा पट 9. म्हणजे एक पोरगं मागं राहिलं की आमचे 11 टक्के गेले! तुमच्या मोठ्या शाळेत एका पोरानं आकडा हलत पण नाही. त्यात दिवाळी झाली की तिघंजण आईबापाबरोबर ऊसतोडीला, ती येणार गुढीपाडव्याच्या आसपास. येतात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात. त्यांना मी कुठल्या रकान्यात घालू?

उद्दिष्ट कोण ठरवतं? आम्हाला कुणी विचारलंय का? मार्च 2025 मध्ये जीआर आला, 30 जूनपर्यंत निपुणचा कृती कार्यक्रम पूर्ण करा, आणि मध्ये मे महिन्याची सुट्टी. 2024 ला मे मध्ये लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम वर्षभर. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम 27 मध्ये निवडणूक, जनगणना, आपत्ती एवढीच कामं आहेत, पण त्या "एवढ्याच" मध्ये किती दिवस जातात ते येऊन बघा. पॅटचे, म्हणजे सरकारी चाचणीचे, पेपर तपासा, मग गुण चॅटबॉटवर भरा, आणि रेंज आली तर भरा! मी टेकडीवर जाऊन भरलेत.

वाळव्याचा_बाप

मास्तर, वेळ नाही म्हणता, मग शिष्यवृत्तीच्या जादा तासाला वेळ कुठनं येतो? खरं दुखणं तिथं आहे. माझ्या पोराच्या वर्गात 31 पोरं. त्यातली 8 निवडली, सकाळी जादा तास, संध्याकाळी जादा तास, रविवारी सराव पेपर. बाकीच्यांना "गप वाचत बसा". माझं पोरगं त्या बाकीच्यात. वर्षभर खिडकीपाशी बसून उसाच्या ट्रॉल्या मोजत होतं, हे त्यानंच मला सांगितलं. आणि शेवटी गेटवर फ्लेक्स, 8 पोरांचे फोटो. त्या 23 पोरांचं उद्दिष्ट कुणी ठरवलं होतं?

पलूसकर_ताई

हे मात्र मला लागलं. माझी मुलगी त्या निवडलेल्यातलीच. आम्ही दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरी करतो, क्लास लावायची ऐपत नाही. तिचे गुरुजी थंडीत सकाळी साडेसहाला शाळा उघडायचे, एक रुपया घेतला नाही. तिच्या पाचवीत नवोदयला नंबर लागला. अख्ख्या जिल्ह्यातनं 80 जागा असतात, त्यातली एक माझ्या पोरीला. तुम्ही म्हणता ते बंद करा, मग गरिबाच्या हुशार पोरानं जायचं कुठं? बागायतदाराची पोरं इस्लामपूर-सांगलीत क्लासला जातील.

वाळव्याचा_बाप

बंद करा असं मी कुठं लिहिलंय ते दाखवा. तुमच्या पोरीचं भलं झालं, चांगलंच झालं. पण माझ्या पोराला चौथीत भागाकार येत नव्हता आणि प्रगतीपत्रकावर ब-1! हे पण मी खोटं बोलतोय का?

पलूसकर_ताई

खोटं बोलता असं मी म्हणाले नाही. पण तुमच्या पोराचा राग माझ्या पोरीच्या गुरुजींवर का? घरी तुम्ही किती दिवस त्याला जवळ घेऊन बसलात?

वाळव्याचा_बाप

रात्रपाळी करतो मी. घरी काढू नका.

जतचा_मास्तर

शिष्यवृत्तीचं आमच्यावर का ढकलता? शाळेचं नाव निघतं ते मेरिटवरनं. पालक दाखला काढून दुसऱ्या शाळेत नेतात ते मेरिट बघून. गेल्या साली दुसरीतल्या पोराला जोडाक्षरं यायला लागली म्हणून माझा सत्कार कुणी केला नाही. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, हे माहिती आहे का कुणाला?

निवृत्त_केंद्रप्रमुख (सातारा तालुका)

सगळ्यांचं वाचलं. थोडं लांब लिहितो.

आमच्या तालुक्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) बघायला राज्यभरातनं शिक्षक येत होते. फरशीवर आखलेलं, दशकाला काड्यांचे गठ्ठे, मोजायला चिंचोके. 22 जून 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाला, त्यामागं कुमठ्याचं काम होतं. बघायला येणारे फरशीचे फोटो काढून न्यायचे. पण कुठलं पोर कुठं अडलंय हे शिक्षकाला तोंडपाठ पाहिजे, त्याशिवाय फरशी रंगवून काही होत नाही.

मी केंद्रात दोनशे पानी वही चालवली. एका ओळीत एक पोर, पुढं चार रकाने, जुलै, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, एवढंच लिहायचं. ऊसतोडीच्या पोराची ओळ तो गेला म्हणून खोडायची नाही, परत आल्यावर तिथनंच पुढं. आणि तपासायला शेजारच्या शाळेचा शिक्षक, उतारा त्याच्या खिशातला. ज्यानं शिकवलं त्यानंच शिक्का मारायचा नाही.

आता कबूल करतो. एका वर्षी बैठकीत माझं केंद्र सगळ्यात खाली दिसणार होतं. मी दोन शाळांचे आकडे वाढवून पुढं दिले. त्या शाळांना मदत लागणार होती, ती आली नाही, कारण कागदावर सगळं उत्तम होतं. त्यातली दोन पोरं पुढं सातवीत अडखळत वाचताना मी ऐकली. आज सात वर्षं झाली रिटायर होऊन, ते डोक्यातनं जात नाही. खाली दिसलं की सगळ्यांदेखत झापतात, म्हणून आकडे फुगतात. झापणं थांबल्याशिवाय खरा आकडा वर जाणार नाही.

जतचा_मास्तर

सर, आधी वाटलं तुम्ही पण वरचीच बाजू घेणार. वहीचं पटलं. पण एक रजिस्टर वाढवणार असाल तर दोन कमी करा.

वाळव्याचा_बाप

ती वही पालकांना दाखवणार असाल तर माझा पाठिंबा. नुसती कपाटात ठेवणार असाल तर फ्लेक्स काय आणि वही काय.

पलूसकर_ताई

वाळव्याचे दादा, घरावर गेले ते चुकलं माझं. जादा तासाचं मात्र मी मागं घेणार नाही.

जतचा_मास्तर

माणगंगाकाठच्या ताई, तुमच्या पुतण्याच्या गुरुजींशी भांडायला जाऊ नका. शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर भेटा. पोराला त्यांनी न शिकवलेलं काहीतरी वाचायला द्या, त्यांच्यासमोरच.

माणगंगाकाठची_सून

जाणार आहे शनिवारी. स्लिपच नेते डेअरीची. गुरुजींनी जुलैचा रकाना दाखवला तर ग्रुपवर मी स्वतः त्यांचं अभिनंदन टाकीन. नाही दाखवला तर वही मीच विकत घेऊन देते, दोनशे पानी.